एम.एस्सी. फिजिक्सनंतर मेडिकल इमेजिंग आणि रेडिएशन फिजिक्समध्ये संशोधन: कोणी आहे का यातलं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

माझी भाची पुण्यात एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मध्यंतरी तिने सीटी स्कॅनच्या चित्रांवर काहीतरी प्रोजेक्ट केला आणि तेव्हापासून डोक्यात एकच: मेडिकल इमेजिंग आणि रेडिएशन फिजिक्समध्ये संशोधन करायचं. घरात प्रत्येकाने याचा आपापल्या परीने अर्थ लावलाय. ताई म्हणते, "एवढं एम.एस्सी. करून एक्सरे काढत बसणार का?" भाओजींना पगाराचा आकडा हवाय. आजींची वेगळीच काळजी, किरणांत काम करणाऱ्या मुलीचं लग्न कसं जमायचं.

मी कॉमर्सची. गूगल केलं तर डिप आरपी, एईआरबी, आरएसओ अशी नुसती अक्षरं अंगावर आली. या क्षेत्रातलं कोणी इथे आहे का? संशोधक व्हायचं तर आधी हॉस्पिटलात नोकरी धरावी की थेट पीएच.डी.? भारतात राहून यात काही होतं का? आणि आजींना काय सांगू?

टेकडीवाला

आजींना सांगा, मुलगी अंधारात चमकेल, सासरचं लाइटबिल वाचेल. (दिवा घ्या. म्हणजे दिव्याचीही गरज नाही.)

कडीपत्ता

वाचतेय. मी रेडिओलॉजीत टेक्नॉलॉजिस्ट आहे. 'एक्सरे काढत बसणार का' यावर एवढंच म्हणते की हलणाऱ्या, रडणाऱ्या दोन वर्षांच्या पोराचा छातीचा एक्सरे एका फटक्यात नीट काढून दाखवा, मग बोलू. :) पण भाचीचं काम वेगळं असणार. आमच्या मशीनमधून नेमका किती डोस जातोय, चित्र जसं यायला हवं तसं येतंय का, हे तपासायला जे लोक येतात ते फिजिक्सवाले.

आयसोसेंटर

मी मेडिकल फिजिसिस्ट, रेडिओथेरपीत. जमेल तेवढं सांगतो.

भारतात नेहमीची वाट अशी. एम.एस्सी. फिजिक्स झालं की बीएआरसीचा (ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र) एक वर्षाचा डिप्लोमा इन रेडिओलॉजिकल फिजिक्स, म्हणजे डिप आरपी. जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा आणि मुलाखत. किंवा काही विद्यापीठांत दोन वर्षांचं एम.एस्सी. मेडिकल फिजिक्स आहे. त्यानंतर चालू रेडिओथेरपी विभागात एक वर्ष इंटर्नशिप, मग आरएसओची, म्हणजे रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरची परीक्षा. एईआरबी म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, १९८३ साली स्थापन झालं. त्यांच्या नियमानुसार फिजिसिस्ट आणि आरएसओ असल्याशिवाय कुठल्याही कॅन्सर हॉस्पिटलला लिनॅक (विजेवर किरण तयार करणारं यंत्र) किंवा कोबाल्ट मशीन (किरणोत्सारी कोबाल्टचं) चालवता येत नाही. आमच्या नोकऱ्या आहेत त्या या नियमामुळे.

आता मेख इथे आहे. नियम रेडिओथेरपीला आहे. एक्सरे आणि सीटीच्या विभागात पूर्ण वेळ फिजिसिस्ट हवाच अशी सक्ती नाही, तिथे दर दोन वर्षांनी क्यूए, म्हणजे यंत्राची गुणवत्ता-तपासणी, करून घेतलं की भागतं, आणि ते बाहेरची एजन्सी येऊन करून जाते. त्यामुळे आपल्याकडे 'इमेजिंग फिजिसिस्ट' नावाची खुर्ची फार थोड्या ठिकाणी सापडेल. इमेजिंग करायचं म्हणून या क्षेत्रात आलेली मुलं शेवटी थेरपीत स्थिरावतात, मी त्यातलाच. भाचीला हे आधीच माहीत असलेलं बरं.

पगाराचं म्हणाल तर सुरुवातीला आयटीतल्या चुलतभावासमोर गप्प बसावं लागेल. पाच-सात वर्षांनी ठीक.

माझं मत: आधी हॉस्पिटल. मशीनपाशी उभं राहिल्याशिवाय संशोधनाला प्रश्न सुचत नाहीत.

र्‍हाईनकाठी

आयसोसेंटर यांच्या शेवटच्या वाक्याशी असहमत.

मी जर्मनीत सीटी डिटेक्टरवर काम करते. माझ्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी पीएच.डी. होईपर्यंत पेशंट जवळून पाहिलेला नव्हता. संशोधन करायचं असेल तर पंचविशीतली वर्षं महत्त्वाची. हॉस्पिटलच्या रहाटगाडग्यात अडकलं की रात्री आठला घरी येऊन पेपर वाचायची इच्छा उरत नाही, आणि 'दोन वर्षं नोकरी करून मग पीएच.डी.' म्हणणारे किती परत फिरतात ते मोजा.

आयसोसेंटर

परत न फिरणाऱ्यांत मी आहेच, त्यामुळे त्यावर काय बोलणार. पण एक उदाहरण देतो. अ‍ॅलन कॉर्मॅक. १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल, सीटीसाठी.

हा गृहस्थ केपटाऊन विद्यापीठात न्यूक्लिअर फिजिक्स शिकवायचा. १९५५ मध्ये तिथल्या ग्रूट स्कूर हॉस्पिटलच्या फिजिसिस्टने नोकरी सोडली. दक्षिण आफ्रिकेचा कायदा असा की किरणोत्सारी आयसोटोप वापरायचे तर देखरेखीला लायक फिजिसिस्ट पाहिजे. गावात न्यूक्लिअर फिजिक्स येणारा हा एकटाच. म्हणून १९५६ च्या पहिल्या सहामाहीत त्याला आठवड्यातून दीड दिवस हॉस्पिटलात बसवलं. थोडक्यात, आमच्या आरएसओचंच काम.

तिथे त्याने पाहिलं की रेडिओथेरपीचे डॉक्टर डोसचा हिशोब करताना शरीर आतून एकसारखं आहे असं धरतात. हाड, फुप्फुस, स्नायू, सगळं पाण्यासारखं. त्याच्या मनात आलं, बाहेरून किरण आरपार सोडून आतला प्रत्येक भाग किती किरण शोषतो हे काढता येईल का? सीटीचं गणित या प्रश्नातून त्याच्या हाती लागलं. दीड दिवसाच्या डेप्युटेशनमधून.

उगाच_एक

आमच्या ऑफिसात दीड दिवस कुणाला बसवलं तर तो आधी चहा कुठे मिळतो ते शोधतो.

र्‍हाईनकाठी

कॉर्मॅकची गोष्ट मान्य, पण पुढचीही सांगा की. त्याने १९६३ आणि १९६४ मध्ये पेपर छापले आणि जवळजवळ कुणी ढुंकून पाहिलं नाही. नोबेलच्या भाषणात त्याने स्वतः सांगितलंय की रिप्रिंटसाठी आलेली सगळ्यात मजेशीर मागणी स्वित्झर्लंडच्या हिमस्खलन संशोधन केंद्राची होती! आणि हेच गणित ऑस्ट्रियाच्या योहान राडोनने १९१७ सालीच सोडवून ठेवलं होतं, ते कॉर्मॅकला बऱ्याच वर्षांनी कळलं.

दुसरा मानकरी गॉडफ्रे हाउन्सफील्ड. ना हॉस्पिटल, ना पीएच.डी. ईएमआय कंपनीतला इंजिनिअर. त्याच्या पहिल्या प्रयोगात गॅमा किरणांच्या उगमातून इतके कमी किरण यायचे की एका चित्राची मोजमापं घ्यायला ९ दिवस लागले. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला.

म्हणजे कंपनीतूनही वाट जाते.

टेकडीवाला

ईएमआय म्हणजे बीटल्सच्या रेकॉर्डवाली ना? मग सीटी स्कॅन बीटल्सच्या पैशातून झाला असं म्हणतात ते खरं का?

र्‍हाईनकाठी

ऐकायला गोड आहे, पण ब्रिटनच्या आरोग्य खात्यानेही त्यात चांगलेच पैसे घातले होते. सरकारी खात्याची गाणी नसल्यामुळे ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

अनुशक्ती

थोडं उशिरा लिहितोय. ट्रॉम्बेतून निवृत्त होऊन आता बराच काळ लोटला.

वरच्या चर्चेत आपल्या माणसांचं नाव राहून गेलं. जी. एन. रामचंद्रन. कोलॅजनच्या तिहेरी सर्पिलाबद्दल आणि प्रथिनांच्या रामचंद्रन प्लॉटबद्दल पुष्कळांना माहीत असतं. त्यांनी आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अ‍ॅकॅडमीच्या नियतकालिकात एक पेपर छापला. वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या सावल्यांवरून आतलं चित्र परत कसं उभं करायचं, तेही फूरिए रूपांतराच्या फेऱ्यात न पडता, हा विषय. प्रत्येक सावलीवर आधी एक ठरावीक फिल्टर चालवायचा आणि मग ती आली त्याच दिशेने उलटी पसरवायची. त्या काळच्या संगणकांना हे झेपणारं होतं. हाउन्सफील्डच्या पहिल्या यंत्राची पद्धत निराळी होती, पुनःपुन्हा अंदाज सुधारत जाणारी. पुढे अनेक वर्षं जगभरच्या सीटी यंत्रांत फिल्टर करून उलट पसरवण्याचीच पद्धत चालली. त्या फिल्टरला आजही राम-लॅक म्हणतात. रेडिओ खगोलशास्त्रात ब्रेसवेल यांनी साधारण तसंच काही आधी केलं होतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

रामचंद्रन मूळचे क्रिस्टलोग्राफीचे. हॉस्पिटलशी काही संबंध नाही. तेव्हा 'आधी हॉस्पिटल की आधी पीएच.डी.' या वादात हे तिघं तीन दिशांनी आले. एक हॉस्पिटलातून, एक कारखान्यातून, एक कागद-पेन्सिल घेऊन.

गोदाकाठ

अनुशक्ती काका, भाचीला हे वाचून दाखवलं. राम-लॅक तिच्या प्रोजेक्टमध्ये होता, पण लॅक म्हणजे लक्ष्मीनारायणन हे तिला ठाऊक नव्हतं. चक्क मोहरून गेली.

पण काका, तिघांपैकी एकालाही आजी नव्हत्या असं दिसतं. रेडिएशनचं काय?

सोलापुरी_चादर

मी जनरल प्रॅक्टिशनर. आजींचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, अशी भीती घेऊन माझ्याकडे शिकलेली माणसंही येतात. काही आकडे देतो.

जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या रेडिएशनचं माप) मिळतात, जमिनीतून, आकाशातून, अन्नातून. छातीचा एक एक्सरे म्हणजे ०.१ च्या आत. पोटाचा सीटी साधारण ८ ते १०. रेडिएशनमध्ये काम करणाऱ्यांना आपल्याकडे मर्यादा आहे सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. गरोदर असल्याचं कळवलं की उरलेल्या काळात बाळाला १ च्या वर जाता कामा नये, त्याप्रमाणे काम बदलून द्यावं लागतं. नीट चालणाऱ्या विभागात फिजिसिस्टचा डोस या मर्यादेच्या जवळपासही नसतो.

खरी काळजी करायची तर पेशंटची करा. पोट दुखलं की सीटी, डोकं दुखलं की सीटी. एकाच माणसाचे एका महिन्यात तीन वेगवेगळ्या गावांत तीन सीटी झालेले मी पाहिलेत, कारण आधीची सीडी पुढच्या डॉक्टरकडे 'उघडत नव्हती'. भाचीला संशोधनच करायचं असेल तर कमी डोसमध्ये तेवढंच चांगलं चित्र काढायचा उपाय शोधायला सांगा. आमच्यासारख्या गावांना दुवा देईल.

कडीपत्ता

सीडी उघडत नाही +१००.

आणि डोसवरून आठवलं, आमच्याकडचा टीएलडीचा किस्सा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रेडिएशनमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर टीएलडी नावाचा, डोस मोजणारा बॅज असतो. आत तीन छोट्या चकत्या, त्यांवर वेगवेगळे फिल्टर. दर तीन महिन्यांनी बॅज तपासणीला जातो. तिथे चकत्या तापवल्या की साठलेल्या डोसच्या प्रमाणात उजेड देतात, त्यावरून आकडा निघतो.

तर एकदा एका टेक्निशियनचा आकडा १० मिलिसिव्हर्टच्या वर आला. लगेच पत्र, चौकशी, रक्ततपासणी, बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक. घरी बायको रडायला लागली. मग निघालं काय, तर पठ्ठ्या रोज ड्यूटी संपली की लेड अ‍ॅप्रन खोलीतच खुंटीला लटकवायचा आणि बॅज त्यालाच चिकटलेला! माणूस घरी बिर्याणी खातोय आणि बॅज रात्रपाळीचे सगळे एक्सरे खातोय.

टेकडीवाला

बॅजला ओव्हरटाइम मिळाला का?

आयसोसेंटर

हा किस्सा प्रत्येक हॉस्पिटलात थोड्याफार फरकाने घडलेला असतो. :) हसू येतं खरं, पण आकडा कुठून आला हे शोधायचं काम फिजिसिस्टवर येतं. माणसाला डोस बसला की फक्त बॅजला, हे फिल्टरांखालच्या तीन चकत्यांच्या आकड्यांमधल्या फरकावरूनही काही अंशी ताडता येतं. दोन दिवस जातात त्यात.

शून्यमनस्क

सॉफ्टवेअरवाला म्हणून एक शंका. गाठीच्या कडा आखणं, डोसचा प्लॅन करणं, चित्रातला नॉइज, म्हणजे नको असलेली खरखर, काढणं, हे सगळं एआय आत्ताच करतंय. दहा वर्षांनी फिजिसिस्ट लागणार आहेत का? भाचीने सरळ डेटा सायन्स करावं असं मला वाटतं.

र्‍हाईनकाठी

डेटा सायन्स आलंच पाहिजे, पण फिजिक्स सोडून नको. न्यूरल नेटवर्कने नॉइज काढलेलं चित्र बघायला फार सुंदर दिसतं. प्रश्न असा की जी बारीक गाठ पुसली गेली ती नॉइज होती की गाठ? हे ठरवायला डिटेक्टरवर फोटॉन कसे पडतात, नॉइज कुठून येतो, हे कळणारा माणूस लागतो.

माझंच काम सांगते. नेहमीच्या सीटीत क्ष-किरण आधी सिंटिलेटरवर पडून उजेड होतो, उजेडाचा करंट होतो, आणि त्यात सगळ्या फोटॉनची ऊर्जा एकत्र गोळा होते. कुठला फोटॉन किती ऊर्जेचा होता ही माहिती गेलीच. फोटॉन-काउंटिंग डिटेक्टरमध्ये कॅडमियम टेल्युराइडचा थर असतो, तो फोटॉनचा थेट विद्युत-स्पंद करतो. प्रत्येक फोटॉन सुटा मोजायचा आणि त्याची ऊर्जाही नोंदवायची. कॅल्शियम आणि आयोडीन मग वेगळे ओळखता येतात. असा पहिला पूर्ण शरीराचा क्लिनिकल सीटी २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. तंत्राचा एक धागा सर्नच्या मेडिपिक्स चिपपर्यंत जातो, म्हणजे कणभौतिकीच्या प्रयोगांसाठी बनलेल्या वस्तूपर्यंत.

अडचणीही मजेशीर आहेत. दोन फोटॉन एका पाठोपाठ आले की स्पंद एकमेकांवर चढतात आणि दोनाचा एक मोजला जातो. पिक्सेलच्या कडेवर पडला तर एकाचे दोन होतात. माझी तीन वर्षं या 'दोनाचा एक, एकाचे दोन' मध्ये गेली. एआय इथे मदत करतं, पण त्याला काय शिकवायचं ते आम्हीच ठरवतो.

आयसोसेंटर

आणि शून्यमनस्क, एआयने आखलेल्या कडांखाली सही माणसाचीच लागते. उद्या चुकलं तर सॉफ्टवेअरला पत्र येत नाही.

हॉस्पिटलचा मुद्दा मी अजून सोडलेला नाही. सकाळचं एक काम सांगतो. पेशंट यायच्या आधी लिनॅकच्या टेबलावर सॉलिड वॉटरच्या (पाण्यासारखं वागणारं प्लास्टिक) पाट्या रचायच्या, मधल्या पाटीच्या भोकात आयन चेंबर (किरण मोजणारी हवेची छोटी पोकळी) सरकवायचा, १०० मॉनिटर युनिट (मशीनचं किरण मोजायचं एकक) सोडायचे आणि इलेक्ट्रोमीटरवर आकडा बघायचा. चेंबर हवेला उघडा असतो, म्हणून आतल्या हवेचं तापमान आणि दाब धरून आकडा दुरुस्त करावा लागतो. आता गंमत बघा. कॅलिब्रेशनचा प्रमाण-दाब समुद्रसपाटीचा. मुंबईत दाबाची दुरुस्ती नगण्य. तोच चेंबर पुण्यात आणला, सुमारे ५६० मीटरवर, की आत हवा कमी, आकडा सहा-सात टक्के कमी. दुरुस्ती विसरलात तर मशीन कमी डोस देतंय असं वाटेल, तुम्ही ते 'वाढवाल', आणि दिवसभरातला प्रत्येक पेशंट सहा-सात टक्के जास्त खाईल. आम्ही दोन टक्क्यांवरून भांडतो! नवीन मुलाला मी पहिल्या दिवशी बॅरोमीटर वाचायला लावतो, आणि मोबाइलच्या हवामान अ‍ॅपमधला दाब घेतला तर ओरडतो, कारण तो समुद्रसपाटीला फिरवून दिलेला असतो.

हे पुस्तकात एका सूत्रात असतं. पण एकदा हाताने केलं की अंगात भिनतं, आणि मग इतरांच्या पेपरमधले आकडे वाचतानाही माणूस 'दाब कुठला धरला?' असं विचारायला लागतो.

शून्यमनस्क

हे भारी होतं. अ‍ॅपमधला दाब फिरवून दिलेला असतो हे आजच कळलं. शब्द मागे.

न्यूजर्सी_नाका

परदेशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत क्लिनिकल फिजिसिस्ट व्हायचं तर मान्यताप्राप्त कार्यक्रमातून एम.एस. किंवा पीएच.डी., मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, बहुतेक दोन वर्षांचं, आणि एबीआरच्या (अमेरिकन बोर्ड ऑफ रेडिओलॉजी) तीन टप्प्यांच्या परीक्षा. मान्यताप्राप्त रेसिडेन्सी नसेल तर २०१४ पासून बोर्डाला बसताच येत नाही, आणि रेसिडेन्सीच्या जागा कमी. भारतातला अनुभव इथे थेट मोजला जात नाही. इंग्लंडात एनएचएसचा तीन वर्षांचा प्रशिक्षण कार्यक्रम आहे, पगारासकट. नुसतं संशोधन करायचं असेल तर यातलं काही लागत नाही, चांगला पीएच.डी. ग्रुप लागतो. इथे दर वर्षी 'एम.एस. करून बघू' म्हणून कर्ज काढून येणारी आणि रेसिडेन्सी न मिळालेली मुलं भेटतात, म्हणून लिहिलं.

उगाच_एक

धाग्याचं काश्मीर, म्हणजे विषय सोडून भलतीकडे जाणं, अजून झालं नाही, या संस्थळावरचा विक्रम असावा.

मुळशी_पॅटर्नवाली_काकू

मी करते की. हे सगळं ठीक, पण ती किरणोत्सारी यंत्रं जुनी झाली की कुठे टाकतात? मध्ये दिल्लीत भंगारात काहीतरी सापडलं होतं ना?

अनुशक्ती

मायापुरी, एप्रिल २०१०. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं अनेक वर्षं न वापरलेलं गॅमा किरणांचं यंत्र लिलावात भंगारवाल्याकडे गेलं. त्यात कोबाल्ट-६० होता. एकाचा मृत्यू झाला, काही जण आजारी पडले. कोबाल्टचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे मूळचा साठा मोठा असेल तर २५ वर्षं पडून राहिल्यावर उरलेला थोडा भागही घातक असतो.

सीटी आणि लिनॅकमध्ये मात्र असा साठा नसतो, वीज बंद की किरण बंद. आजींना हेही सांगा. कोबाल्ट मशीनमध्ये उगम सतत चालू असतो, फक्त झाकलेला. नियमाप्रमाणे असे उगम परत द्यायचे असतात, आणि कुठला उगम कुठे आहे याची नोंद ठेवणं हे आरएसओचं काम. कंटाळवाणं काम आहे, पण मायापुरीत नेमकं तेच कुणी केलं नव्हतं.

कोबाल्टला नावं ठेवू नका मात्र. बीएआरसीने भाभाट्रॉन हे कोबाल्ट मशीन बनवलं ते यासाठी, की लिनॅकचा खर्च आणि वीज न परवडणाऱ्या ठिकाणी उपचार व्हावेत. व्हिएतनामलाही भारताने एक भाभाट्रॉन भेट दिला. त्या कामात असणाऱ्या कुणाच्या पेपरची संख्या मोठी नव्हती. पण ते संशोधनच.

सोलापुरी_चादर

माझ्या पेशंटना भाभाट्रॉनवर 'लाइट' दिलेत. काम चोख करतं ते.

आयसोसेंटर

मूळ प्रश्नाकडे. 'भारतात राहून काही होतं का' याला कुणीच उत्तर दिलं नाही.

होतं. एकच विषय देतो, तोही इमेजिंग आणि थेरपी दोन्हींचा. खारघरला अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र) प्रोटॉन थेरपी सुरू झाली आहे, २०२३ पासून पेशंट घेताहेत. चेन्नईत त्याआधी, २०१९ मध्ये. प्रोटॉनची खासियत अशी की तो ठरावीक खोलीवर जाऊन थांबतो, त्यापलीकडे डोस जवळपास शून्य. पण कुठे थांबेल हे काढतो आपण सीटीवरून. सीटीतला आकडा म्हणजे हाउन्सफील्ड युनिट, पाणी ०, हवा उणे १०००. तो सांगतो क्ष-किरण किती अडले. प्रोटॉन किती अडेल ही वेगळी गोष्ट. एकावरून दुसरं काढताना चूक राहते, म्हणून प्लॅन करताना खोलीत साधारण साडेतीन टक्के जास्तीची जागा धरतात. १५ सेंटिमीटर खोल गाठीला पाच मिलिमीटर झाले. त्या पाच मिलिमीटरात पाठीचा कणा असला तर? दोन ऊर्जांचा सीटी वापरून, किंवा र्‍हाईनकाठी म्हणताहेत त्या फोटॉन-काउंटिंगने ही जागा कमी करता येते का, यावर जगभर काम चालू आहे.

मुंबई-पुण्यातून हे करता येईल. पेशंट, मशीन, फिजिसिस्ट सगळं दीड-दोन तासांच्या टप्प्यात.

र्‍हाईनकाठी

वा, म्हणजे तुमच्या हॉस्पिटलमधल्या प्रश्नाला माझा डिटेक्टर लागतो आणि माझ्या डिटेक्टरला तुमचा प्रश्न. तरी मी म्हणणार की पीएच.डी. आधी. :)

सावली_मोजणारी

नमस्कार, मीच ती भाची. मावशीने लॉगिन करायला लावलं.

सगळं वाचलं, आजीला डोसचे आकडेही वाचून दाखवले. ती म्हणाली, "आकडे मला कळत नाहीत, पण तो बॅज काढून ठेवू नकोस."

मी डिप आरपीचा फॉर्म भरतेय, आणि दोन-तीन ठिकाणी पीएच.डी.साठीही अर्ज करणार आहे. जिथे आधी होईल तिथे. आयसोसेंटर काका, तुमच्याकडे एक दिवस येऊन सकाळचं क्यूए बघता येईल का? आणि तोपर्यंत घरबसल्या काय शिकू? जिअँट-फोर (पदार्थातून कण कसे जातात ते संगणकावर दाखवणारं सॉफ्टवेअर) सुरू केलं होतं, पण नुसतं इन्स्टॉल करताना लॅपटॉप आणि मी दोघंही गरम.

आयसोसेंटर

जरूर ये. निरोप पाठवतो. व्हिजिटरची परवानगी काढावी लागेल, आणि सकाळी सातला यायचं, नऊला नाही.

र्‍हाईनकाठी

जिअँट-फोर नंतर. आधी एक कर. पायथन घे, शेप-लोगनचा डोक्याचा फँटम (चाचणीसाठीचं कृत्रिम चित्र) सगळीकडे मिळतो, तो घे. लायब्ररीतलं तयार फंक्शन वापरायचं नाही, सावल्या स्वतः काढायच्या आणि उलट पसरवायचं गणितही स्वतः लिहायचं. आधी फिल्टर न लावता, मग राम-लॅक लावून. मग सावल्यांमध्ये मुद्दाम नॉइज घाल आणि बघ राम-लॅक त्याचं काय करतो. त्यातून कमी डोसचा प्रश्न नेमका कुठे अडतो ते कळेल.

सावली_मोजणारी

केलं! दोन रात्री लागल्या. फिल्टरशिवाय सगळं धुरकट, कवटीची कड कुठे संपते तेच कळेना. राम-लॅक लावल्यावर कड एकदम उठून आली. पण नॉइज घातला तर राम-लॅकने तोही उठवून दिला, सगळीकडे वाळू सांडल्यासारखी. आणि चित्रभर आरपार रेघा येतात त्या कशाच्या? कोन ३० घेतलेत.

र्‍हाईनकाठी

राम-लॅक बारीक तपशील वर उचलतो, आणि नॉइजही बारीकच असतो. म्हणून प्रत्यक्षात त्याची वरची बाजू थोडी दाबून वापरतात, तेव्हा कड जराशी बोथट होते. किती दाबायचं यावर लोकांनी करिअर केलीत.

रेघा कोन कमी म्हणून. १८० कर.

टेकडीवाला

आणि लॅपटॉप गरम झाला तर त्यावर टीएलडी लाव.